दोन बायांचा फुटपाथ

देवाजी : ...म्हणून म्हणतो बाई, फार विचार करायचा नाही. ही शाई, हा तुमचा अंगठा, ही रेघ. दाबायचा आणि चहा प्यायला जायचं.

तुळसाबाई : अंगठा कायले? मले सही येते.

देवाजी : सही? तुम्हाला?

तुळसाबाई : मंग! तु-ळ-सा-बा-ई. पाच अक्षरं हायेत, लहान नाव नाई माह्यं.

चंपतराव : पाय गा देवाजी! वीस वर्सं माझ्या मिलमध्ये डाळ निवडून राहिली ही बाई, अन् मले आज माहीत पडलं. कोणत्या शाळेत गेली होती वं?

तुळसाबाई : सुपाच्या शाळेत, मालक. माह्या बाजूले बसनारी गोपिका सुपात तुरीचे दाणे मांडे. दाण्याले दाणा लावून अक्षर करे. मी पायत राहो, अन् मुकादम आला का सूप झटकून मोकळी. 'ळ' शिकाले मले अख्खा उन्हाळा लागला. दाणे घरंगळून जात ना.

चंपतराव : म्हणजे मी पगार देऊन राहिलो, अन् तुमचा वर्ग चालू.

तुळसाबाई : डाळीत खडा तर नाई निघाला न कधी?

चंपतराव : नाही निघाला. ते बराबर आहे.

देवाजी : बरं, सही तर सही. टाका.

तुळसाबाई : पण हे हाय काय?

चंपतराव : काही नाही वं. कार्पोरेशनची नोटीस आली. या रस्त्याच्या सगळ्या कारखानदारांनी आपापल्या जागेपुढं फुटपाथ बांधावा म्हणते. आपल्या खर्चानं. आता तूच सांग, रस्ता कार्पोरेशनचा, चालणारी सारी दुनिया, अन् फर्शी चंपतरावची? हा कोणता न्याय झाला?

देवाजी : त्या नोटिशीवर ही आपली हरकत आहे. मुदत आज संपते. साडेपाचच्या आत कागद कचेरीत पोचला पाहिजे. मालकांची सही झाली. आता मिलमधल्या सगळ्यात जुन्या कामगाराची साक्ष पाहिजे.

तुळसाबाई : साक्ष कायची?

देवाजी : वाचतो, ऐका. 'आमच्या दालमिलमधील स्त्री-कामगार पूर्वापार एकामागे एक अशा रांगेने रस्त्याच्या कडेने येतात. त्यांस कडेची जागा पुरेशी असून त्यांची याबाबत कोणतीही तक्रार नाही.' झालं. यात खोटं काही आहे?

तुळसाबाई : तक्रार नाई हे खरं हाय. कोणी इचारलंच नाई कधी.

चंपतराव : तसं नको बोलू. मी काय तुमच्या जिवावर उठलो का? पाय, हिशेबानं बोल. माझ्या डाव्या बाजूला लोखंडाचा कारखाना. तो म्हणते, बांधत नाही, काय करायचं ते करा. उजव्या बाजूला तेलघाणी, तिला पाच वर्सं झाली कुलूप आहे, मालक रायपूरला. मधात मी एकटा फुटपाथ बांधीन. इकडून खड्डा, तिकडून नाली. त्या तुकड्यावर चढून कोण कुठं जाईन?

तुळसाबाई : एकटा तुकडा कसा वाटते, ते मले इचारा.

चंपतराव : काय म्हटलं?

तुळसाबाई : काई नाई. दुनिया चालते म्हणता, मालक, पण सकायी आठाले या रस्त्यानं पायी येनारं मानूस तुमच्याच फाटकात शिरते. दुनियेले इथं काय काम हाय?

देवाजी : बाई, वाद इथं नको. साहेब लोक घालतील. तुम्ही सही करा.

तुळसाबाई : थांबा न जी. सही येते त्याले थोडं वाचता बी येते. तुमी ही खालची ओळ नाई वाचली.

देवाजी : कोणती? ती कायद्याची भाषा आहे. तुम्हाला नाही समजायची.

तुळसाबाई : बाकीचं नाई समजत. पण इथं गोपिका लिवलं हाय.

(देवाजी कागद घ्यायला हात पुढे करतो. तुळसाबाई सोडत नाही. तिच्या नखांत तुरीची पिवळी भुकटी आहे, तिचा डाग कागदावर पडतो. छापील असो की हाताचं, सगळ्या अक्षरांमध्ये तिला न अडखळता वाचता येणारी दोनच नावं आहेत. एक तिचं स्वतःचं, आणि दुसरं हे.)

तुळसाबाई : मेलेल्या बाईचं नाव फुटपाथाच्या कागदात काहून?

चंपतराव : वाच, देवाजी.

देवाजी : मालक, त्याची गरज...

चंपतराव : वाच म्हटलं न.

देवाजी : 'गतवर्षी जानेवारीत आमच्या जागेसमोर घडलेल्या अपघातातील मयत स्त्री गोपिका ही रांग सोडून, स्वतःच्या हयगयीने, रस्त्याच्या मध्यभागी चालत होती. सबब सदर अपघाताचा फुटपाथ नसण्याशी काहीएक संबंध नाही.'

तुळसाबाई : हयगय म्हनजे?

देवाजी : म्हणजे... बेफिकिरी. निष्काळजीपणा.

तुळसाबाई : गोपिकाची?

देवाजी : पंचनाम्यात तसंच आहे, बाई. मी मनाचं लिहिलेलं नाही. ती मध्यभागी पडलेली होती.

तुळसाबाई : पडलेली होती. चालत होती असं कोनी पायलं? रांग सोडून म्हनता. चौदा वर्सं ते बाई माह्या मागं चालली, एक दिवस रांग नाई सोडली तिनं. तुमाले रांग माहीत हाय का देवाजी?

देवाजी : रोज पाहतो की. मी सायकलनं येतो त्याच रस्त्यानं.

तुळसाबाई : सायकलवरून रांग दिसते, ऐकू नाई येत. आमी अकरा बाया होतो पयले. कामठी रोडच्या फाट्यापासून इथवर. डाव्या हाताले नाली, उजव्या हाताले खापरखेड्याचे कोयशाचे ट्रक. मधात वीतभर जागा. मागं वळून पायलं का पाय नालीत, नाई तं टोपलं ट्रकाले लागे. मंग मागची हाय का नाई, हे कसं समजावं? म्हनून आमची हाक होती. मी पुढं. मी म्हनो,

नाली माह्या डाव्या हाती, गाडी माह्या उजव्या अंगी,
मधी वीतभर वाट, माय, कोन कोन माह्या संगी?

मंग मागून एकेक जन नाव सांगे. वच्छला हाय. कौसल्या हाय. प्रयागबाई हाय. अन् सगळ्यात शेवटी गोपिका. तिनं म्हनाचं, 'शेवटची हाय वं, शेवटची हाय!' ते आलं का रांग पुरी. नाई आलं का सगळ्यायनं जागच्या जागी थांबाचं. हा आमचा कायदा.

देवाजी : हे मी कधी...

तुळसाबाई : मंग वच्छला लेकाकडे कन्हानले गेली. कौसल्या विड्या वळाले बसली. प्रयागबाईचे घुडगे गेले. अशी रांग झिजत झिजत दोघीवर आली. दोघीची काय रांग असते? तरी आमी रांगच म्हनो. मी नाली म्हनो, ते शेवटची म्हने. चौदा वर्सं संगं आलो, मालक, पन रस्त्यानं मी तिचं तोंड नाई पायलं कधी. तिचा आवाजच पायला.

चंपतराव : मग त्या दिवशी ती मधात कशी आली?

तुळसाबाई : तुमाले माहीत नाई?

चंपतराव : तू सांग.

तुळसाबाई : फाटकापुढं आपला ट्रक उभा होता. ढोराच्या चुनीची पोती भरून. कडेची वीतभर जागा बी त्याच्या चाकाखाली. वळसा घालाले खाली डांबरावर उतराच लागते. मी बी उतरली. मी निघाली, आत गेली. ते उतरली तवा मागून कोयशाचा ट्रक आला. एवढंच हाय. हयगय कायची?

देवाजी : पण बाई, तुमचा तो कायदा? हाक? शेवटचीचा आवाज नाही आला तर थांबायचं होतं ना?

चंपतराव : देवाजी, गप राय.

तुळसाबाई : नाई, बोलू द्या त्यायले. एक वर्स झालं, हे इचारनारं मले कोनी भेटलं नाई. मीच वाट पाहून राहिली होती.

चंपतराव : बस वं, खाली बस. त्या पोत्यावर बस.

तुळसाबाई : तीन दिवस आधी आमचं वाजलं होतं. मोठं काई नाई. तिनं अंबाडीची भाजी आनली होती डब्यात, अन् मी म्हनलं, गोपिका, यात ज्वारीच्या कन्या कमी पडल्या वं, नुसती आंबट लागते. एवढंच. पन तिच्या घरी तवा ज्वारीच नव्हती, म्हनून कन्या नव्हत्या. मले काय माहीत? ते रुसली. संगं यायची, पन हाकेले वो नाई द्यायची. पयल्या दिवशी मी थांबली. मागून म्हने, 'चाल न, जिती हाय.' दुसऱ्या दिवशी मी थांबली नाई. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी हाक टाकली. वो नाई आली. मी मनात म्हनलं, रुस, किती रुसतं ते पायते मी बी. अन् आत येऊन बसली. सूप घेतलं. तिची जागा बी झाडून ठेवली.

देवाजी : बाई...

तुळसाबाई : म्हनून म्हनते, लिवा. हयगय लिवाची असन तं लिवा कागदात. पन तिचं नाव खोडा अन् माह्यं टाका. तुळसाबाईनं हयगय केली, मागं पायलं नाई. त्याच्याखाली मी पाची अक्षरं टाकते. गोपिकानं शिकवलेली सही गोपिकाच्या नावावर खोटं लिवाले नाई वापरनार मी. कामावरून काढता तं काढा.

चंपतराव : काढत नाही. कोणाले काढू? मीच आता... देवाजी, पाणी दे तिला.

तुळसाबाई : पानी नको.

चंपतराव : मले दे मग. तुळसाबाई, बायको गेल्यापासून मी सातलाच इथं येऊन बसतो, तुले माहीत आहे. घरी भिंतीशी काय बोलावं? हे घड्याळ पाय. रोज दोन मिनिटं मागं पडते. मी ते रेडिओवर नाही लावत. तुमची हाक फाटकापाशी आली, शेवटची हाय म्हटलं, का मी काटे आठावर आणून चावी द्यायचा. आठ वाजले. किती वर्सं ते माझं कामच होतं.

तुळसाबाई : आमाले काय माहीत.

चंपतराव : तुमाले कसं माहीत राहीन? मी कधी सांगितलं? त्या दिवशी बी मी हातात घड्याळ घेऊन बसलो होतो. तुझी हाक आली. शेवटचं दोन दिवसांपासून येत नव्हतं, त्या दिवशी बी नाही आलं.

तुळसाबाई : तुमी ऐकलं?

चंपतराव : नाही आलं, हे ऐकलं. खिडकीतून वाकलो असतो तर ट्रकच्या पलीकडे दिसलं असतं. वाटलं, सुटीवर असन कोणी. अन् चावी दिली. माझा ट्रक, माझं फाटक, माझा कान. अन् कागदावर हयगय तिची.

देवाजी : मालक, तुम्ही तर कधी बोलला नाहीत. मी पंचनामा समोर ठेवून लिहिलं. मला वाटलं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो.

तुळसाबाई : गेलेल्याले नाई पडत, देवाजी. मागं राहिलेल्याले पडते.

चंपतराव : दे तो कागद.

देवाजी : मालक, फाडू नका. मुदत आजची आहे. हरकत नाही गेली तर बांधावाच लागेल. आणि शेजारचे बांधणार नाहीत. लोक हसतील. म्हणतील, चंपतरावनं रस्त्यात ओटा घातला.

चंपतराव : हसू दे. कागदाच्या मागं लिही. नोटीस मिळाली, बांधतो. अन् फाटक मोठं करायचं, ट्रक आत घ्यायचा. बाहेर एक चाक उभं नाही राहिलं पाहिजे.

देवाजी : लिहितो. रुंदी किती लिहू? नोटिशीत कमीत कमी तीन फूट म्हटलं आहे. तीन फुटांत एक माणूस आरामात जातो.

चंपतराव : तिलेच विचार. चालणारी ते आहे.

तुळसाबाई : मले फुटा-बिटात नाई सांगता येत.

चंपतराव : तुझ्या हिशेबानं सांग. अन् एक बोलू का? आता सकाळी तुझी हाक नाही येत. घड्याळ मागंच राहून राहिलं.

तुळसाबाई : कोनाले टाकू हाक, मालक? पयली बी मीच, शेवटची बी मीच. आपनच इचाराचं अन् आपनच हाय म्हनाचं. ट्रकवाले येडी म्हनतीन.

चंपतराव : ते बी खरं.

देवाजी : बाई, रुंदी. पाच वाजत येतील पोचेपर्यंत.

तुळसाबाई : लिवा, दोन बाया बाजूबाजूनं जातीन एवढा. डोक्यावर टोपलं धरून.

देवाजी : दोन? पण आता तर तुम्ही एकट्याच येता.

तुळसाबाई : हो. एकटीच येते. तरी दोघीचा करा.