मड्डम परत आली

वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर नवरा-बायको उभे होते. पुस्तक तिच्या हातात होतं, जुन्या इंग्रजी कादंबरीचा जाडजूड अनुवाद.

"काल बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतीस, ते ह्या पुस्तकापायी?"

"हो."

"नायिका मेली वाटतं?"

"नाही हो, चांगली जिवंत आहे."

"मग?"

"नवरा तिला जन्मभर हिडीसफिडीस करतो. न विचारता तिचा पियानोसुद्धा विकून टाकतो. तेव्हा मी नुसती चरफडत होते. ती घर सोडून गेली, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले."

"तरीच परवा पातेलं रिकामं!"

"शेवटी तो अंथरुणाला खिळतो. ही परत येते, उशाशी बसते आणि म्हणते, झालं गेलं विसरून जाऊ."

"म्हणजे शेवट गोडच झाला की!"

"म्हणूनच रडले."

"कमाल आहे बाई तुझी. दीडशे वर्षांपूर्वीची कुठली ती मड्डम, तिचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"पुस्तक मिटलं, तेव्हा तुमच्या गोळीची वेळ झाली होती."

"अरे हो, बरी आठवण केलीस. आजची राहिलीच. आणलीस ना?"

"आणलीय. पाणीही आणलंय."