गेटवरच्या काळीची शिकवणी

...आणि वर मलाच म्हणतात, 'हिंदुराव, पिल्लू तुम्ही बिघडवलंत!' मी? अहो, मी वाचवत होतो त्याला! तुम्हाला सांगतो, माणसानं मधे पडू नये. कुणाच्याच. पण हे मला कळेपर्यंत माझे दोनशे एकतीस दिवस भरले होते.

आता हे दिवस कसले, ते ऐका. मी आकुर्डीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. टेंपररी. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की माणसाला कायम करावं लागतं, म्हणून त्याच्या आठवडाभर आधी कंपनी प्रेमानं म्हणते, 'जा, गावाला जाऊन या.' ह्याला ब्रेक म्हणतात. परत आलं की पुन्हा दिवस पहिला. माझे असे तीन ब्रेक झालेले. पण या खेपेला पर्सोनेलचे मालोजी साहेब स्वतः म्हणाले, 'हिंदुराव, गेट चोख दिसू दे, तुमचं नाव पुढं पाठवतो.' चोख! मी म्हटलं, मग गेटला कुत्रं पाहिजे.

तसं एक होतं. काळी. म्हातारी, एक कान फाटलेला, माझ्याही आधीपासून गेटवर. पण ती भुंकायचीच नाही हो! नुसती बघायची. बघून काय चोर पळतात? म्हणून मेव्हण्याच्या मळ्यातून, पिंपळे सौदागरहून, पिशवीत घालून एक पिल्लू आणलं. नाव सरदार.

सरदार आल्या आल्या काळीचे ओठ चाटायला लागला. तिनं चाटू दिलं. कान ओढला, ओढू दिला. शेपटीला लोंबकळला, तरी गप्प. मला वाटलं, वा, मायाळू आहे म्हातारी! मग हा शहाणा तिच्या भाकरीत तोंड घालायला गेला. काळी ताठ. नुसती बघतेय. ह्याला कुठलं कळायला? तिनं ओठ वर केला, एवढासा. तरी हा पुढंच. मग गुरगुर... आणि खाडकन त्याचं अख्खं थोबाड तिच्या जबड्यात! पिल्लू केकाटलं, उताणं पडलं, चारी पाय वर, भीतीनं तिथंच मुतलं. मी काय बघत बसू? पडलो मधे! काळीवर दांडकं उगारलं, सरदारला पोटाशी धरलं.

समोर इब्राहिमभाईंचं सायकलचं दुकान. ते पंक्चर काढता काढता ओरडले, 'आवो हिंदुराव, मारत न्हाई ती! शिकवती त्याला. दात लागलाय का बघा!' बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. पण मी म्हटलं, तुम्ही तुमचं पंक्चर काढा.

मग रोजचंच झालं. हा तिला चावणार, ती गुरगुरणार, मी मधे. एक दिवस काळीनं माझ्याकडं असं बघितलं... आमचे गुरुजी लाडावलेल्या पोराच्या बापाकडं बघायचे ना, तसं. आणि उठून पलीकडं जाऊन झोपली. शिकवणी बंद! मग सरदारला चावायला उरलं कोण? मी. माझा पट्टा, माझी वहाण, माझी करंगळी. दात कसले, दाभणं! इब्राहिमभाई म्हणायचे, 'केवढ्यानं चावलं म्हंजे दुसऱ्याला दुखतं, ह्ये त्याला आता कोण सांगणार? तुमी?' मी सांगत होतो की! 'नको रे सरदार, नको रे बाळा,' म्हणत होतो. त्याला वाटायचं, शाबासकी देतोय.

आला दोनशे एकतिसावा दिवस. सकाळची शिफ्ट सुरू व्हायची वेळ, मालोजी साहेब चालत गेटमधून आत. अंगात नवी बेलबॉटम. बघितलीय ना हल्लीची ती पँट, पायाशी परकराएवढी? फडफड, फडफड! एवढं मोठं खेळणं सरदारनं जन्मात पाहिलं नव्हतं. गेला आणि लटकला. साहेब एका पायावर, 'अहो... अहो हिंदुराव, हे काय आहे?' मी म्हणतोय, 'सोड रे राजा.' टर्रर्र... गुडघ्यापर्यंत! आणि आत पोटरी होती हो! पँट कुठं संपते आणि साहेब कुठं सुरू होतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात काळी उठली. पळणं नाही, भुंकणं नाही. सावकाश आली, ताठ उभी राहिली, ओठ वर, एवढासा... आणि एकदाच गुरगुरली. पँट सुटली. सरदार उताणा, चारी पाय वर. मग तिनं माझ्याकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, मीपण खाली बसलो.

साहेबांनी विचारलं, 'हे पिल्लू कुणाचं?' 'माझं.' 'आणि ही?' 'कंपनीची.' साहेब म्हणाले, 'हिला काम कळतं. कँटीनला सांगा, रोज दोन चपात्या द्यायच्या. ही गेटवर कायम.' कायम! हा शब्द ऐकायला मी तीन वर्षं त्या गेटवर उभा होतो, आणि माझ्यादेखत तो कुत्रीला गेला! मला म्हणाले, 'हिंदुराव, जा, गावाला जाऊन या.' एसटीत रडलो हो मी, खिडकीकडं तोंड करून.

परवा परत आलो. नवं कार्ड, दिवस पहिला. सरदार आता हात तोंडात धरतो, पण दात लावत नाही. काळीनं शिकवलं. मी नव्हतो ना मधे! काल तो तिच्या चपातीकडं सरकला, ती ताठ झाली. इब्राहिमभाई समोरून बघतायत, मी दांडकं उचलतो का. नाही उचललं. उलट माझं स्टूल दोन हात मागं घेतलं. तुम्हाला सांगतो, कायम झालेलं माणूस काही शिकवत असलं, तर टेंपररीनं मधे पडू नये.