घरीच असते

आई : ऑपरेशनआधी डॉक्टरने विचारलं, या हाताने काम काय करता? विचारलं तेही तुझ्या भावाकडे बघून. जसा अंगठा त्याचाच. आणि हा म्हणतो, काही नाही, घरीच असते.

लेक : मग तू बोलायचंस. एरवी तुझ्या तोंडाला कुणी लागतं का?

आई : मला वाटलं, आई दुकानात कापड कापते हे सांगायची लाज वाटली असेल. गिऱ्हाइकांसमोरही वाटते. तो अपमान गिळला. त्या एका शब्दावर हाड जाईल हे मला काय ठाऊक?

लेक : अगं, झिजलेलंच होतं ते. अंगठ्याच्या मुळाशी हाडावर हाड घासत होतं. साधं झाकण उघडायचं तर रडायचीस.

आई : रडायचे आणि कापायचेही. काल व्यायाम शिकवणारीने सांगितलं, कष्टाचा हात असला की कधी कधी ती दोन हाडं जोडून टाकतात. अंगठा जरा ताठ राहतो, पण पकड शाबूत. घरी बसणारीचं हाडूक सरळ काढतात आणि जागी मनगटातली शीर गुंडाळून भरतात, उशीत कापूस कोंबावा तशी. दुखणं जातं. जोरही जातो.

लेक : कात्री धरून बघितलीस?

आई : सकाळी. कोटाचं जाड कापड होतं. पाती टेकली ती तिथेच राहिली. नव्या कटिंगमास्तरने कात्री काढून घेतली, अगदी अदबीने. म्हणे, राहू द्या आजी. मी त्याची आजी कधी झाले? सगळा बाजार मला मास्तरीण म्हणतो.

(मुलगा दुकान बंद करून आत येतो.)

मुलगा : पुन्हा तेच? दुखायचं थांबलं की नाही, एवढं सांग.

आई : थांबलं.

मुलगा : मग झालं तर. आता जरा आराम कर.

लेक : दादा, मास्तर तू कधी ठरवलास? ऑपरेशनच्या आधी ना?

मुलगा : गिऱ्हाईक थांबतं का कुणासाठी? आणि डॉक्टर त्या उत्तरावरून ठरवणार हे मला काय स्वप्न पडलं होतं?

लेक : पण खरं सांगायला काय झालं होतं?

मुलगा : चार माणसं बसली होती तिथे. म्हटलं, म्हणतील, मुलगा असून आईला राबवतो.

आई : राहू दे गं, त्याला नको विचारूस. हे बघ, तेव्हा खोटं बोललास. आता कुणी विचारलं तर तेच सांग. आता ते खरं आहे.