न बदललेलं पान

त्या सकाळी मी डबे भरले, ओटा पुसला, कपडे वाळत घातले आणि नातवाचं टोपडं घेऊन खाली आले, तर... थांबा, सुरुवातच राहिली. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे पुस्तिका विभागाचे आमचे साहेब आणि समोर बसलेली मंडळी, सर्वांना नमस्कार.

आपल्या कंपनीची छोटी गाडी दरवर्षी थोडी बदलते आणि तिच्यासोबत मालकाला मिळणारी पुस्तिकाही. आमचे हे गेल्यावर साहेबांनी मला इथे घेतलं. माझं शिक्षण सातवी. पुढचं वाचन घरच्या घरी. साहेब म्हणाले, "वहिनी, इंजिन कळणारे वर खूप बसलेत. तुम्हाला वाचून कळलं, तर गिऱ्हाइकाला कळेल." आमची पद्धत अशी, की बदललेली पानं पिवळ्या कागदावर येत, जुनी पांढऱ्यावर. पिवळी वाचायची, पांढऱ्यांवर नुसती सही करायची.

त्या वर्षी पिवळ्यांचा ढीग होता. नवं तीन सिलिंडरचं इंजिन, सिग्नलला आपोआप बंद होणारं. साहेब म्हणायचे, "ते मुद्दाम बंद होतं असं ठळक लिहा, नाहीतर लोक उतरून ढकलत बसतील." शिवाय सगळ्यात स्वस्त गाडीलाही आता ड्रायव्हरच्या शेजारी एअरबॅग.

तर मी खाली आले. मुलाने तीच नवी गाडी घेतली होती. सून बाळाची खुर्ची पुढच्या सीटवर बांधत होती, खुर्चीची पाठ काचेकडे करून.

"पुढे कशाला गं?"

"चालतं, आई. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

लिहिलं होतं. शेजारी एअरबॅग नव्हती तेव्हाचं ते पांढरं पान. आता धडक बसली, तर एअरबॅग फुगून त्या खुर्चीवरच आदळणार. पानाखाली माझी सही. सुनेला खुर्ची मागे न्यायला लावलं आणि मी तडक साहेबांकडे निघाले. एक मरण मी घरात पाहिलं आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी मी ते पाठवलं तर नव्हतं?

साहेबांनी पान वाचलं. म्हणाले, "सही माझीही आहे. किती गाड्या गेल्या?"

एकशे चाळीस. वरचे म्हणत होते, पत्र पाठवू. "पत्र पोचेपर्यंत बाळं कुठे बसणार?" असं म्हणून साहेबांनी फोन ओढून घेतला. अर्धी यादी त्यांची, अर्धी माझी. पलीकडे घंटा वाजत राहिली की मला वाटे, आता कोणीतरी रडतच फोन उचलणार.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचे सगळे झाले?"

मी हो म्हटलं. साहेब, ते खोटं होतं. एक फोन लागलाच नव्हता, आणि आणखी काही कबूल करायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं.

मला वाचायला बसवलंत, चूक वाटून घेतलीत, तुमचे आभार. शांतपणे ऐकलंत, म्हणून आपणा सर्वांचेही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या 'हो'चं काय करायचं, ते मात्र साहेबांनी ठरवावं.

त्या 'हो'च्या दुसऱ्याच दिवशी मी पहिल्या बसने, फोन न लागलेल्या त्या पत्त्यावर गेले आणि तिथल्या बाळाची खुर्ची माझ्या हातांनी सोडवून मागच्या सीटवर बांधली.