आधी थोरल्याला टोचा

पोरं दवाखान्यात का येत नाहीत, हे शोधत फिरणारे एक सरकारी साहेब खांडबारा स्टेशनात गंगीबाईशी बोलत होते. कीर्तनाला निघालेली सोमीबाई समोरच्या बाकावर अभंग गुणगुणत बसली होती.

"बाई, देवीची साथ आलीय. मांडीवरच्या पोराला न टोचताच दवाखान्यातून का निघालात?"

"डॉक्टरनी थोरलाले आधी टोचं नही ना!"

"थोरला कुठंय?"

"हाऊ काय, बाजूले बठेल शे."

"तिथं कोणी नाही, बाई."

"मागली साथमा गया तो. तो रुसना तर धाकलाले संगे लई जाई."

"बरं, चला परत. मी सांगतो डॉक्टरांना, आधी थोरल्याला टोचा म्हणून."

"मंग त्याना हात धरा, साहेब."

साहेबांनी हसतच रिकाम्या जागेकडे हात पुढे केला. सोमीबाई अभंग सोडून वाकून बघू लागली. साहेबांनी हात झटकन मागे घेतला.

"बाई, ह्याचा हात तर तापानं भाजतोय!"