पाच दिवसांची राधा

(दिवेआगर. काशीच्या घराची मागली पडवी. काशी सुपाऱ्या सोलत बसली आहे. तिचा धाकटा भाऊ अंबाजी म्हसळ्याच्या एस्टीने नुकताच आला आहे. त्याचं सोळा वर्षांचं लेकरू दिवाळीनंतर इथेच राहतं. आत्ता आतल्या खोलीत आहे.)

काशी : पिशवीत काय हाय ते आधी सांग. मग पोराला हाक मार.

अंबाजी : पाणी तरी दे, बाय. उन्हातनं आलोय.

काशी : माठ तुझ्या डोळ्यासमोर हाय. पिशवीत काय हाय?

अंबाजी : लुगडं हाय. चोळी, चाळ. आन केसांना जोडायला गंगावन.

काशी : गंगावन!

अंबाजी : वरडू नको. परवा देवीची पालखी बाहेर पडते. राधेचा मान आपल्या घराला हाय. नवस पाच शिमग्यांचा, चार झाले. हा शेवटचा.

काशी : नवस मला नको शिकवू. दोन पोरींच्या पाठीवर मुलगा दे, पाच शिमगे तुझ्या पालखीपुढं त्याला राधा करून नाचवीन, असं तू गाऱ्हाणं घातलंस तवा मी तिथंच उभी होते.

अंबाजी : मग? आई पावली ना?

काशी : पावली की. चार वरसं तूच त्याला लुगडं नेसवलंस, तूच काजळ घातलंस. आन दिवाळीत ते पोर बहिणीचा ड्रेस घालून आरशापुढं उभं राहिलं, तर पट्ट्यानं फोडून काढलंस.

अंबाजी : शिमग्यातली गोष्ट वेगळी. दिवाळीत कोण राधा होतं?

काशी : वा रे वा! देवाला पण तारखा लावून दिल्यास.

अंबाजी : भगतानं सांगितलं, राधा अंगात राहिली. केस काढल्याबिगर उतरायची न्हाय.

काशी : म्हणून सगळ्या गावापुढं सहाणेवर बसवून भादरलंस. जिथं पालखी बसते तिथं! किती जपून वाढवले होते रे त्यानं... तिनं.

अंबाजी : झालं. आता तू पण सुरू झालीस.

काशी : माझी पण जीभ वळत न्हाय पटकन. वळवते. माणगावच्या डाक्तरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. हे वेड न्हाय आन बाहेरचं पण न्हाय. लेकराला आपलं अंगच आपलं वाटत न्हाय. त्यात आपण मारायचं, हसायचं, मग मन आजारी पडतं. पडलंच की! केस काढले आन त्याच आठवड्यात पोर मरायला निघालं.

अंबाजी : तो शब्द काढू नको, बाय.

काशी : का? तू गावात सांगितलंस, पोटात दुखत होतं म्हणून ॲडमिट केलंय.

अंबाजी : मग काय दवंडी पिटू? दोन पोरी उजवायच्या हायत माझ्या. आन ऐक. भगत म्हणतो, नवस अर्धा राहिला म्हणून हे सगळं. पाचवा शिमगा झाला की आई सोडील त्याला.

काशी : तोच भगत चढवणार, तोच उतरवणार. केस तूच काढायचे आन वरनं गंगावन तूच घेऊन यायचं. लाज कशी वाटत न्हाय रे तुला?

दिशा : (आतल्या खोलीतून बाहेर येत) आत्या, हळू. आत सगळं ऐकू येतंय.

अंबाजी : साहिल! किती वाळलास रे.

दिशा : गोळ्यांनी भूक लागत नाही सुरुवातीला. आता बरं आहे. बसा ना, बाबा. चहा ठेवू?

अंबाजी : चहा नको. घरी चल. पाच दिवस मन भरून नट. कुणी ब्र काढणार न्हाय. उलट म्हाताऱ्या पाया पडतील तुझ्या.

दिशा : आणि सहाव्या दिवशी?

अंबाजी : सहाव्या दिवशी तू माझा मुलगा. संपला विषय.

दिशा : बाबा, मी वर्षभर शिमग्याची वाट बघायचे. तुम्ही ढोल वाजवायचात आणि मी नाचताना माझ्याकडे बघून हसायचात. इतरांना कळू दे नाहीतर न कळू दे. मला वाटायचं, बाबांना कळलंय.

अंबाजी : सोंग होतं रे ते, बाळा.

दिशा : मला नव्हतं वाटलं सोंग.

अंबाजी : मी काय तुझा वैरी हाय? दवाखान्यात तुझे पाय धरून बसलो होतो. पोरासारखा रडलो.

दिशा : माहितीये. जागी होते मी. 'माझा मुलगा परत दे' म्हणून देवीला विनवत होतात. मुद्दाम डोळे उघडले नाहीत. वाटलं, हे माझ्यासाठी रडतच नाहीयेत.

काशी : ऐक, अंबाजी. नीट ऐक.

अंबाजी : एकदाच, साहिल. शेवटचं. मग भगताच्या दारात पण न्यायचो न्हाय तुला. शपथ.

दिशा : मला यायचंय, बाबा. खोटं कशाला बोलू? तुम्ही गंगावन म्हणालात आणि मी खोलीत उभीच राहिले. पण पाच दिवसांनी तुम्ही ते परत काढून घेणार. मागच्या वेळी मी वाचले. पुन्हा वाचेन, असं मला नाही वाटत. डॉक्टरांनी विचारलं होतं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी म्हटलं, शिमगा संपण्याची.

अंबाजी : मानकरी दारात येतील उद्या. काय सांगू त्यांना?

दिशा : सांगा, माझी मुलगी आजारी होती. दिशा तिचं नाव. आता बरी होतेय.

अंबाजी : माझ्या तोंडातनं ते निघायचं न्हाय.

काशी : मग ऊठ. एस्टी चुकेल.

अंबाजी : बाय, तू मधी पडू नको. आन तू! आज आला न्हाईस तर आपल्या घराचा उंबरा विसरायचा.

दिशा : आईला फोन करायला सांगाल?

अंबाजी : तिचा फोन माझ्याकडं असतो.

काशी : शाब्बास! तिच्या तोंडाला पण कुलूप लाव आन चावी गळ्यात बांध.

अंबाजी : गुणाजीचा पोरगा तयार हाय. त्याला नेसवतो. राधा काय, कुणीपण होतं.

काशी : पिशवी घे तुझी. इथं विसरू नको.

दिशा : बाबा, पाणी तरी पिऊन जा.

काशी : राहू दे. पायरी उतरला तो.

दिशा : आता?

काशी : वाडीचं फाटक लावलंन.

दिशा : तू बघत राहा. माझ्याच्याने नाही बघवत.

काशी : रस्त्याला लागला.

दिशा : वळून बघितलं त्यांनी?

काशी : ऊन लागतंय डोळ्यावर. दिसत न्हाय नीट.

दिशा : आत्या, खरं सांग.

काशी : न्हाय बघितलं.

दिशा : बरं झालं. बघितलं असतं, तर मी गेले असते.