घोडेउतारावरची बाई

मला आधी एक सांगा. अंधारात आडवाटेला दोन माणसं भेटली. एक म्हणतं, "पाव्हणं, मी तुमच्याच बाजूचा." दुसरं गप उभं. भरवसा कुणावर ठेवाल?

पहिल्यावर ना? मला वाटलंच. दुकानात बसून बसून माणसाचा चेहरा वाचायची सवय लागलीय मला, शाळा काही फार झालेली नाही. तर ऐका. शेकोटीत एक ढलपी टाका, आणि पलीकडं बसलेत त्यांनी जरा सरकून बसा. मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही.

आमच्या कासारांच्या घराण्यात एक गोंदाजी होऊन गेला. बांगड्या भरायचा धंदा. वारणेच्या काठाला त्याचं गाव, आणि काळ तो दोन गाद्यांचा. एक गादी सातारची, एक कोल्हापूरची. भाऊबंदांचं भांडण, पण भावकीतलं भांडण बांधावर मिटतं आणि राजांचं मिटायला मुलूख जळावा लागतो. सकाळी एका गादीचे स्वार यायचे, वैरण मागायचे. दुपारी दुसऱ्या गादीचे यायचे. ते म्हणायचे, सकाळी त्यांना दिलीत ना, मग आम्हाला दुप्पट द्या.

गोंदाजीच्या गावच्या पाटलानं दोन पागोटी ठेवली होती. एक सातारच्या धाटणीचं, एक कोल्हापूरच्या. स्वार कुणाचे ते बघायचं आणि तसं डोक्यावर चढवायचं. एकदा झोपेतनं उठून आला तो भलतंच घालून आला. तेव्हापासून त्याचा एक कान नव्हता. हसताय, पण त्या गावात तेव्हा कुणी हसलं नाही. शेजारीण शेजारणीला चुलीचा विस्तव देईना. विहिरीवर दोन दोर झाले. बाया बांगड्या भरायला हात पुढं करायच्या आणि आधी विचारायच्या, "कासारमामा, कुणाच्या घरी जाऊन आलात?"

आता गोंदाजीचं दुखणं ऐका. त्याचा मुलगा रायाजी पोटासाठी कोल्हापूरकरांच्या पागेत गेलेला. मुलगी हौसा नदीपलीकडं दिलेली, आणि तिचा नवरा मानाजी सातारकरांकडं. म्हणजे भाऊ एका बाजूला, नवरा एका बाजूला, आणि मधे ही पोर, सातवा महिना लागलेली. डोहाळजेवणाचा दिवस धरलेला. ओटीचा हिरवा चुडा माहेरचा लागतो. साऱ्या मुलखाला बांगड्या भरणारा बाप, आणि त्याच्याच लेकीचे हात रिकामे राहिले असते. नदीवर दोन्हीकडं चौक्या. दिवसा कुणी उतरला की हेर म्हणून धरायचे.

बायको म्हणाली, "चुडा नाही गेला तर मरत नाही कुणी."

गोंदाजी म्हणाला, "मरत नाही. पण माहेर संपलं म्हणून पोर समजंल. मग ती त्या घरात कुणाच्या तोंडाकडं बघून जगंल?"

आणि दिवेलागण झाल्यावर निघाला. बांगड्या फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेल्या. नेहमीची बाजाराची वाट सोडली आणि धरली घोडेउताराची वाट. पूर्वी तिथनं घोडी नदी उतरायची, म्हणून घोडेउतार. चौक्या तिथं नव्हत्या. का नव्हत्या, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. बिनपहाऱ्याची वाट मोकळी दिसते, मोकळी असते असं नाही.

पाणी गुडघ्याएवढं. पाय ओळखीचा. पलीकडं चढला, पाहतो तर समोर वाकडी बाभूळ. आता बघा, वाकडी बाभूळ होती अलीकडच्या काठाला. म्हणजे जिथनं उतरला तिथंच वर आला. म्हणाला, अंधारात फिरलो असेन. परत उतरला. परत चढला. परत बाभूळ.

चकवा. तुम्ही ओळखलंत, त्यानंही ओळखलं. खाली बसला, पायातल्या वहाणा काढल्या, डावी उजव्या पायात घातली, उजवी डाव्या. आपल्याकडं चकव्याला हाच उतारा. उठला तर पलीकडं शेकोटी दिसली. जीव भांड्यात पडला, उजेडाच्या रोखानं गेला.

शेकोटीभोवती माणसं पाठमोरी. एकानं न वळता विचारलं, "कोण गादीचा?"

निघालो सातारच्या बाजूला, तर तेच सांगावं. "सातारची गादी, बाबा."

"मग हिकडनं न्हाई. त्या अंगानं जा."

त्या अंगानं गेला. झुडपं ओलांडली, ओघळ ओलांडला, आणि पुढं तीच शेकोटी. तीच माणसं. "कोण गादीचा?"

"कोल्हापूर."

"मग हिकडनं न्हाई. त्या अंगानं जा."

गेला. शेकोटी. परत गेला. शेकोटी. ज्या बाजूला पळावं त्या बाजूला शेकोटी पुढं. शेवटी म्हणाला, "मी कुणाचा न्हाई. मी कासार."

तेव्हा त्यातला एकजण बोलला, आणि आवाज होता रायाजीचा. "आबा, पोटच्या पोराच्या गादीचं नाव घ्यायला लाज वाटते व्हय?"

लगेच दुसरा बोलला. जावयाचा आवाज. "मामा, लेक दिलीत आणि आम्हाला परकं केलंत?"

"आबा, हिकडं या."

"मामा, हिकडं."

एक डावीकडनं, एक उजवीकडनं. आणि गोंदाजी दोघांकडं जायला लागला. ऐका, हे नीट ऐका. माणूस एकाच वेळी दोन्हीकडं जायला लागला की तो सरळ जातो, आणि सरळ पुढं होता डोह. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्याला गार लागलं आणि तो भानावर आला. मागं बघतो तर शेकोटी नाही, माणसं नाहीत. पुढं पाण्यात एक खडक, आणि खडकावर बाई बसलेली. केस मोकळे. दोन्ही हात पुढं केलेले, बांगड्या भरायला करतात तसे.

"कासारदादा, चुडा भर."

पळावं तर पाय वाळूत रुतलेले. आणि दुसरं सांगू का, हात पुढं आला की कासाराचा हात आपोआप चालतो. त्यानं फडकं सोडलं. तिचा हात धरला. थंडगार, ओल्या दगडासारखा. पण मऊ असा की बांगडी सरसर चढली. एक हात भरून झाला, आणि त्याच्या तोंडून सवयीनं गेलं ते, जे प्रत्येक कासाराच्या तोंडून जातं. चुडा भरला की आशीर्वाद द्यायचा, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणाला, "जन्मसावित्री हो."

कडाकड साऱ्या बांगड्या फुटल्या. पाणी छातीला आलं.

बाई म्हणाली, "माझा धनी ह्याच उतारात पडला. आता दुसरा हात भर."

गोंदाजीनं फडक्यातनं परत बांगड्या काढल्या. दुसरा हात भरला. या वेळी तोंड सांभाळलं, नवऱ्याचं नाव काढायचं नाही. म्हणाला, "तुझं माहेर नांदतं राहो, बाई. भाऊ औक्षवंत होवो."

परत कडाकड. पाणी गळ्याला.

"भाऊबी ह्याच उतारात पडला," ती म्हणाली. "त्याच दिवशी. समोरासमोर." आणि तिनं त्याचं मनगट धरलं. "सासरी धन्यासाठी रडू दिलं. भावासाठी रडले तर सासू म्हणाली, वैऱ्यासाठी रडतीस? माहेरी गेले. तिथं भावासाठी रडू दिलं. धन्याचं नाव काढलं तर आई म्हणाली, ज्यानं माझा लेक मारला त्याच्यासाठी माझ्या दारात रडू नको. मग मी हितं आले. आता तू सांग, कासारदादा. मी कुणासाठी रडू?"

गोंदाजीनं मनगट ओढून बघितलं, सुटेना.

"सांग. जो येतो तो सांगतो. कुणी म्हणतं धन्यासाठी, कुणी म्हणतं भावासाठी. ते सगळे हितंच हायेत, खाली."

आणि खरंच, त्याच्या पायांना काहीतरी लागत होतं. वाळू नव्हती ती.

पाणी हनुवटीला आलं. अशा वेळी माणूस खोटं बोलतो. समोरच्याला काय हवं ते ओळखायचं आणि तेच सांगायचं, हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. पण इथं गिऱ्हाइकाला काय हवं तेच कळेना. गोंदाजीला दिसायला लागली ती स्वतःची लेक. हौसाच अशी खडकावर बसलीय, आणि तिचा भाऊ पडलाय, नवरा पडलाय, आणि दोन्ही घरांची दारं बंद. त्याला रडू फुटलं. म्हणाला, "मला न्हाई सांगता येत, बाय. माझा ल्योक एकीकडं, जावई एकीकडं. मला कुणाचीच बाजू घेता येत न्हाई. तू त्यांची नावं सांग."

बाई थबकली. "काय म्हणालास?"

"नावं सांग. दोघांची. तिलांजली देतो."

ज्यांनी ज्यांनी तिला सल्ले दिले होते, त्यातल्या एकानंही नाव विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "धनी खेत्रोजी. भाऊ सुभानजी."

गोंदाजीनं एक हात तिच्या पकडीत ठेवला आणि दुसऱ्या हातानं वारणेचं पाणी उचललं. तीळ नव्हते, दर्भ नव्हता. खेत्रोजीचं नाव घेतलं, पाणी सोडलं. सुभानजीचं नाव घेतलं, पाणी सोडलं. आधी कुणाचं, मागनं कुणाचं, असं नको म्हणून नावं परत उलट्या क्रमानं घेतली. आणि ती बाई रडायला लागली. साधं, घरातल्या बाईसारखं, पदर तोंडाला लावून. मनगटावरची पकड सैल झाली. कुठंतरी कोंबडं आरवलं. गोंदाजीनं अंग झोकून दिलं, गटांगळ्या खात पलीकडं लागला. वर चढून पाहिलं. बाभूळ नव्हती. मनगटावर पाच बोटांचे वळ होते, ते मरेपर्यंत गेले नाहीत.

हौसाच्या सासरी पोचला तेव्हा नखशिखांत भिजलेला, आणि फडक्यात उरलेल्या इनमीन चार बांगड्या. विहीणबाई दारातच. "व्याही, माहेरचा चुडा म्हणायचा का हा?"

"लढाईतनं एवढाच सुटला, विहीणबाई."

हौसा आतनं आली. बापाच्या पाया पडली आणि हळूच विचारलं, "आबा, दादा बरा हाय न्हवं?"

विहीण कडाडली, "ह्या घरात तिकडच्या माणसाचं नाव नको."

गोंदाजी आयुष्यात कधी लेकीच्या सासरी मोठ्यानं बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "नाव घ्यायचं. दोघांचं घ्यायचं. न घेतल्यानं काय होतं ते मी राती बघून आलोय." आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय तसं. विहीण आत गेली, कोरडं धोतर आणून दिलं.

पुढं दसऱ्याच्या सुमाराला लढाई झाली. सातारकर जिंकले. मानाजी जिवंत परत आला. रायाजी आला नाही. हौसाच्या सासरच्या गावात साखर वाटत होते. हौसा मांडीवर पोर घेऊन कोपऱ्यात बसलेली, डोळे कोरडे. सगळं घर तिच्याकडं चोरून बघतंय, ही रडते का.

तेव्हा विहीण उठली. हातातली साखरेची वाटी खाली ठेवली, सुनेजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्या भावाचं नाव रायाजी न्हवं? रड, पोरी. मीबी रडते." आणि विजयाची वाजंत्री दारात वाजत असताना त्या घरात शत्रूच्या स्वारासाठी रडणं झालं. मानाजी उंबऱ्यात उभा होता. त्यानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं.

तर बाबांनो, दिवस बुडाल्यावर घोडेउताराची वाट धरू नका. गोंदाजी सुटला, आधीचे सुटले नव्हते, आणि पुढच्याला ती बाई काय विचारेल याचा भरवसा नाही. चार कोस लांब पडलं तरी चालेल, पुलावरनं जा. आणि अंधारातनं कुणी "मी तुमच्याच बाजूचा" म्हणून बोलावलं, तर त्याच्या मागं जाऊ नका.

आणि एक मागणं आहे माझं. तुमच्यातही भांडणं होणार. भावकीची होतील, पंचायतीची होतील, याहून मोठीही होतील. खुशाल भांडा. पण आपला एक गेला आणि त्यांचे चार गेले, असं म्हणून वाजंत्री लावू नका. गेलेल्यांचा हिशेब खरा ठेवा. सगळे एकाच बाजूला मांडा.